तीन मिनिटांची लावणी



व्याख्यानांचा आणि जत्रांचा हंगाम आपल्याकडे एकच. चैत्र जवळ आला की इकडे शहरात वसंत व्याख्यानमालेचा मांडव पडतो, आणि तिकडे नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तेथे जाऊन आपल्या जत्रेसाठी तमाशा ठरवून येतात. एकाच उन्हाळ्यात एकाच गावची माणसे या दोन्ही मांडवांत बसतात. फक्त एका मांडवात गेल्याचे दुसऱ्या मांडवात बोलून दाखवावयाचे नाही, असा एक अलिखित संकेत आहे. आज मी तो मोडणार आहे. मात्र तमाशाचा उगम, लावणीतील शृंगार, शाहिरांची परंपरा हे मोठमोठे विषय अधिकारी वक्त्यांनी पूर्वीच मांडले आहेत. माझा विषय त्यांहून पुष्कळ लहान, अक्षरशः सात इंच व्यासाचा आहे. लावणीच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या आज पुन्हा काढावयाच्या झाल्या, तर त्या कशा काढाव्यात आणि त्यांवर कोणाची नावे घालावीत, एवढाच.

हा प्रश्न आजच का काढला, असे कोणी विचारील. काळी तबकडी मेली, असे आपण सर्वांनीच धरून चाललो होतो. ती मेली नाही. विलायतेत मिस्टर बोंगो नावाची एक कंपनी आहे. ब्राझीलमधील साठ-सत्तर सालांतली नाचाची गाणी, सांबा आणि त्याची भावंडे, ती शोधून काढते आणि सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकड्यांवर पुन्हा छापते. एका बाजूला एक गाणे, दुसऱ्या बाजूला दुसरे. या लहान तबकडीला ब्राझीलमध्ये ‘कॉम्पाक्तो’ म्हणतात. ज्यांना पोर्तुगीज भाषेचा गंधही नाही अशी तरुण मंडळी परदेशी नाचघरांत या गाण्यांवर नाचतात. खुद्द ब्राझीलमध्ये पॉलिसोम नावाचा तबकड्यांचा कारखाना २००७ साली बंद पडला होता. दोन-तीन वर्षांतच नव्या मालकांनी तो उघडला आणि आपल्याच देशातल्या जुन्या गाण्यांची मालिका काढली. आपल्या देशातही तबकड्या छापण्याचे काम थांबून कित्येक वर्षे लोटली होती, ते २०२४ साली मुंबईत पुन्हा सुरू झाले आहे. म्हणजे यंत्र आहे, गिऱ्हाईक आहे. आज ना उद्या कोणाला तरी लावणी आठवणारच.

आणि आठवेल तेव्हा कोणती आठवेल? चित्रपटातली. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ सालचा, ‘पिंजरा’ १९७२ सालचा. वसंत पवार आणि राम कदम यांनी केलेल्या चाली, आशाबाई, उषाबाई, सुलोचना चव्हाण यांचे आवाज. या गाण्यांविषयी मला अनादर नाही. तशी चाल बांधणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण ती कंपनीच्या कपाटात नीट लावून ठेवलेली आहेत, त्यांना माझ्या वकिलीची गरज नाही. वकिली हवी आहे ती संगीतबारीतल्या आणि ढोलकीफडातल्या लावणीला. ती ज्या तबकड्यांवर गेली त्यांचे साचे कपाटात असतीलच, अशी हमी कोणी देत नाही.

ती तबकडीवर गेली कशी, हे प्रथम पाहू. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास उतरला आणि त्याने गोहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या पहिल्या तबकड्यांतही सात इंची होत्या. तेव्हा लहान तबकडीचे आज जे कौतुक चालले आहे, ते आपल्याकडे सव्वाशे वर्षांचे जुने आहे. गाणे संपताच गोहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे. मुद्रण कलकत्त्यात आणि छपाई जर्मनीत हानोव्हरला. तेथल्या कारागिराला कोणती मेण-थाळी कोणाची हे कळावे, म्हणून ही सोय. व्यवहाराची गोष्ट, पण तिच्यामुळे गाणारीचे नाव तिच्याच तोंडून गाण्यात कोरले गेले. पुढे नाव छापील कागदावर आले, आणि कागदावरचे नाव फाटते, पुसते, बुरशीने खाल्ले जाते.

त्या काळचे मुद्रण विजेवर नव्हते. समोर एक मोठा कर्णा. त्याच्या अरुंद टोकाला एक पातळ पडदा, त्याला सुई, सुईखाली फिरते मेण. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालावयाचे; आवाज चढला की थोडे मागे, उतरला की पुढे. आता या कर्ण्यासमोर लावणी उभी करून पाहा. लावणी ही नुसती गाण्याची चीज नाही. एकच ओळ सात प्रकारांनी अदा करावयाची, प्रत्येक वेळी डोळा निराळा, हात निराळा, आणि त्या हाताबरोबर ढोलकीचा तुकडा निराळा. कर्ण्यासमोर पाऊल हलविता येत नाही. ढोलकी जवळ आणली तर तिच्या थापेने सुई उसळते, म्हणून ती खोलीच्या कोपऱ्यात जाते. चाळांचा आवाज तर त्या पडद्याला ऐकूच येत नसे. कर्ण्याच्या मुद्रणात फार बारीक, उंच ध्वनी उतरत नसत. नाचाचे गाणे मुद्रित झाले, आणि नाच तेवढा दाराबाहेर राहिला.

ब्राझीलचीही तीच कथा. तेथल्या सांबाचा प्राण म्हणजे तालवाद्ये. पण सुरुवातीच्या तबकड्यांत त्यांचा पत्ता नाही. १९२९-३० च्या सुमारास ‘ना पावुना’ या गाण्यात मोहल्ल्यातली तालवाद्ये प्रथम मुद्रणशाळेत शिरली, असे सांगतात. तोवर विजेचे ध्वनिग्राहक आले होते. आपल्याकडेही १९२५ नंतर हळूहळू ते आले, आणि ढोलकी कोपऱ्यातून चार पावले पुढे सरकली.

याहून मोठी अडचण वेळेची. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटे मावतात. बैठकीची लावणी रंगली तर अर्धा तास सरत नाही. मग काय होई? ध्रुपद ठेवायचे, एक-दोन कडवी ठेवायची, आणि बाकीची गाळायची. यात काय गेले? अदा गेली, झीलकऱ्यांनी ओळ उचलून धरण्याची गंमत गेली, हे तर खरेच. पण आणखी एक गोष्ट गेली. आपल्या शाहिरांची नाममुद्रा कोठे असते? शेवटच्या कडव्यात. अनंतफंदी असो, होनाजी असो, पठ्ठे बापूराव असो, कवी आपली सही लावणीच्या शेवटी करतो. तीन मिनिटांत शेवटचे कडवे येतच नाही. लावणी राहते आणि तिचा बाप बाहेर उभा राहतो! मग तबकडीवर काय छापावयाचे? ‘लावणी’ एवढेच, किंवा ‘जुनी चाल’, किंवा मुद्रणाच्या वेळी जो शहाणा जवळ उभा असेल त्याचे नाव.

माझ्या मते आजच्या पुनर्मुद्रणाचा सारा प्रश्न या एका गळलेल्या कडव्यात आहे. म्हणून ब्राझीलमधला एक जुना वाद थोडा सविस्तर सांगतो. रियो शहरात ‘तिया सियाता’ म्हणून एक बाई होत्या. मूळच्या बाहिया प्रांतातल्या, मिठाई करून विकीत. त्यांच्या घरी गाणारे-वाजविणारे जमत, रात्र रात्र गाणी रचली जात. एकाने ओळ टाकावी, दुसऱ्याने उचलावी. आपल्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी असा प्रकार. त्या मेळ्यातून तयार झालेले एक गाणे ‘पेलो तेलेफोन’ या नावाने दोंगा नावाच्या वादकाने १९१६ च्या अखेरीस तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच्या नावे नोंदविले. १९१७ च्या कार्निव्हलात ते गाजले. ते ओदेऑन छापाच्या तबकडीवर निघाले होते, आणि त्याच ओदेऑन छापाच्या तबकड्या आपल्याकडे मराठी गाण्यांच्याही निघत. गाणे गाजताच बाकीचे म्हणू लागले, हे तर आम्हा सर्वांचे! वाद आजतागायत मिटलेला नाही. आज ते गाणे जितक्यांदा पुन्हा छापले जाते, तितक्यांदा कागदावर दोंगाचे नाव येते, आणि ज्या घरात ते जन्मले त्या घरच्या बाईचे नाव प्रस्तावना लिहिणाऱ्याला आठवले तर येते. पुनर्मुद्रण जुनी चूकही नव्याने छापते, आणि या वेळी चांगल्या कागदावर छापते.

आता आपल्या घरी येऊ. पुण्याच्या सुंदराबाई जाधव बैठकीची लावणी गाण्यात विख्यात. त्यांच्या तबकड्या निघाल्या, खपल्या, आणि संग्राहकांनी जपल्या म्हणून आज ऐकावयास मिळतात. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातल्या पदांना ज्या चाली मिळाल्या त्या सुंदराबाईंकडून. पुढे तीच पदे बालगंधर्वांच्या नावाने घरोघर गेली. सुंदराबाईंचे नाव जाणकारांच्या गप्पांत राहिले. १९३९ सालचा प्रभातचा ‘माणूस’ ज्यांनी पाहिला असेल त्यांनी या बाईंना पाहिलेलेही आहे: नायकाच्या, गणपत हवालदाराच्या, भाबड्या देवभोळ्या आईच्या कामात. आणि तो नायक म्हणजे आपल्या याच शहरात १९१८ साली जन्मलेले शाहू मोडक. लावणीची इतकी मोठी गायिका, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे ती उभी राहते हातात पूजेचे तबक घेऊन. सुंदराबाईंची तबकडी पुन्हा निघेल तेव्हा तिच्या वेष्टनावर हे सारे यावे, की नुसते ‘मिस सुंदराबाई, लावणी’ एवढेच यावे?

आपल्या जिल्ह्याचा या विषयावरचा हक्क मोठा आहे. अनंतफंदी संगमनेरचा. त्याने तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली ती अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, आणि आज जिल्ह्याला त्यांचेच नाव आहे. पण त्याच जामखेडात संगीतबारीची कलाकेंद्रे नांदतात. बाईसाहेबांच्या उपदेशाचा परिणाम दूरच्या तालुक्यावर झाला, स्वतःच्या तालुक्यावर झाला नाही, असे म्हणावयाचे! पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावच्या. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या त्यांनी गावोगाव नेल्या. तमाशात स्त्रीने उभे राहण्याची वाट त्यांनी रुळविली. १९३९ साली त्या वारल्या, म्हणजे ग्रामोफोन येऊन जवळजवळ चाळीस वर्षे होत आली होती. पण या सभागृहात बसलेल्या आपणांपैकी कोणाच्याही कानात पवळाबाईंचा आवाज नाही. नाव आहे, आवाज नाही. आणि उलट, कपाटात पडलेल्या कितीतरी तबकड्यांत आवाज आहे आणि नाव नाही. फडातल्या बायका आडनावाच्या जागी गाव लावतात: हिवरगावकर, कोपरगावकर, सातारकर, वाईकर. छापणाऱ्याने जागा वाचविण्यासाठी गाव गाळले की उरते ‘कौसल्या’ किंवा ‘यमुना’. महाराष्ट्रात यमुना काय थोड्या आहेत? गाव गाळणे म्हणजे माणूस गाळणे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो, कारण सदिच्छेने तबकडी छापली जात नाही. मूळ मुद्रण मेणावर, त्यावरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा छपाईचे उलटे साचे, असा हा क्रम असतो. साचे शाबूत असले तर काम सोपे. ते नसले तर बाजारात विकली गेलेली तबकडी हाच आधार. आणि येथे एक गमतीची अडचण येते. जी लावणी लोकांना अतिशय आवडली, तिची तबकडी सर्वांत खराब. पोलादी सुई, जड ध्वनिपेटी, आणि हजार वेळा वाजविलेली! जी कोणाला फारशी रुचली नाही ती दुकानदाराच्या माळ्यावर कोरीकरकरीत सापडते. म्हणून एका गाण्याच्या चार-पाच प्रती गोळा कराव्या लागतात. एकीची सुरुवात चांगली, दुसरीचे मधले कडवे चांगले, असे जोडून घ्यावे लागते.

घरी जुन्या तबकड्या असतील त्यांच्यासाठी एक सूचना येथेच करून ठेवतो. त्या धुवावयाच्या तर थंड पाण्याने, अगदी सौम्य साबणाने, मधला कागद कोरडा ठेवून. स्पिरिट लावू नका. या तबकड्या लाखेच्या आहेत, दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेल्या. स्पिरिटात लाख विरघळते आणि गाणे बोळ्याला लागून येते. त्या एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि हल्लीच्या यंत्राची बारीक सुई त्यांवर लावू नका. जुन्या खाचा रुंद आहेत, त्यांना तिप्पट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच ऐकू येते. मग आपण म्हणतो, काय हे जुने गाणे!

खरखर काढण्याच्या बाबतीतही हात राखून काम केले पाहिजे. आता यंत्रे अशी आहेत की सारी खरखर क्षणात पुसतात. पण तिच्याबरोबर तुणतुण्याची तार आणि मंजिरीची किणकिण हीही पुसून जातात, कारण यंत्राला त्यांतला भेद कळत नाही. थोडी खरखर राहिली तरी चालेल, तुणतुणे राहिले पाहिजे. वेगाचेही तसेच. जुन्या सर्वच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नाहीत. तबकडी जरा जोरात फिरविली की पट्टी चढते, आवाज पातळ होतो, आणि ‘पूर्वीच्या बायका असेच नाकात गात’ असा एक समज रूढ होतो. पेटी कोणत्या सुरात होती हे जाणत्या वादकाकडून तपासून घेतले, तर हा अन्याय टळेल.

कायद्याची बाजू श्रोत्यांनी अवश्य समजून घ्यावी. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क, ती प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. १९६० साली निघालेली तबकडी २०२१ च्या प्रारंभी मोकळी झाली; दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाचा साठा मोकळा होतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क निराळा: तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. पठ्ठे बापूराव १९४५ साली वारले, त्यांच्या लावण्या २००६ पासून सर्वांच्या. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत सुरक्षित. म्हणजे फडातल्या पारंपरिक लावणीची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची तबकडी आज कोणीही, कोणालाही न विचारता, छापू शकतो. हा दरवाजा उघडला याचा मला आनंद आहे, आणि धास्तीही आहे. कारण कोणाला विचारावयाचे नाही म्हटले की कोण गात होते हेही विचारावयाचे राहते. कायद्याने गाणारीच्या नातवंडांना एक पैसाही देणे लागत नाही. तरीही छापणाऱ्याने त्यांना शोधावे, तबकडीच्या प्रती द्याव्यात, किमतीतला काही भाग द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यावर कोणी म्हणेल, व्यवहारात हे बसत नाही. चारशे-पाचशे प्रतींची हौशी आवृत्ती काढणाऱ्याचा व्यवहार तरी असा केवढा मोठा असतो? शिवाय नातवंडांच्या घरी गेल्यावरच ढोलकी कोणाची होती, पेटी कोणाची होती आणि गाळलेले कडवे कोणते, हे कळण्याचा संभव असतो. तो खर्च दान नव्हे, संशोधनाचा खर्च आहे.

कोणी असेही विचारील की आता सारे खिशातल्या फोनवर ऐकता येते, मग तबकडी कशाला? आक्षेप योग्य आहे. जत्रेला जाणाऱ्या सामान्य माणसाला ही तबकडी परवडणार नाही, हेही खरे. पण फोनवर एकाने चढविलेले गाणे दुसरा उचलतो, तिसरा त्यावर आपले नाव घालतो, आणि चौथ्याला मूळ कोठले ते कळत नाही. सात इंची तबकडीला एक कागद असतो, एक वेष्टन असते. त्यावर छापलेल्या मजकुराला छापणारा बांधलेला असतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू या लहान तबकडीच्या एका बाजूवर नेमकी मावते. काही कापावे लागत नाही. आणि वेष्टनाच्या पाठीमागे संपूर्ण लावणी, शेवटच्या कडव्यासकट, छापता येते. तीन मिनिटांत न मावलेली सही तेथे मावते. तबकडीबरोबर तेच गाणे जिल्हा वाचनालयात आणि वस्तुसंग्रहालयात कोणालाही फुकट ऐकता येईल अशी सोय ठेवली, म्हणजे गरीब रसिकाचीही तक्रार राहणार नाही.

अशी कामे झालेली आहेत. १९९० साली मुंबईत रेकॉर्ड-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिच्या मंडळींनी मुंबईत निघणाऱ्या ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्या जमविल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने त्यांचे ध्वनी उतरवून ठेवले. तेव्हा हे दिवास्वप्न नाही. फक्त ती मंडळी मुंबई-पुण्याच्या चोरबाजारांत आणि जुन्या बाजारांत हिंडली. संगमनेर, अकोले, पाथर्डी, जामखेड येथले माळे आपल्यालाच तपासावे लागतील. जुन्या हॉटेलांतून, लग्नाच्या मांडवात कर्णे लावणाऱ्यांकडे, सायकलच्या दुकानांत या तबकड्या असत. ती दुकाने बंद झाली तरी माळे आहेत.

माझी सूचना एवढीच, की येत्या मढीच्या यात्रेपासून पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेपर्यंत एक यादी तयार व्हावी. शाळा-महाविद्यालयांतली मुले हे काम आनंदाने करतील. वहीत रकाने आखावेत: तबकडीचा छाप, कागदावरचा क्रमांक, खाचांच्या शेजारी कोरलेला क्रमांक, गाण्याची पहिली ओळ, गाणारीचे नाव आणि तिचे गाव, ढोलकी, पेटी, झीलकरी, आणि तबकडी कोणाच्या घरी आहे. शेवटचे दोन रकाने रुंद ठेवावेत. एक गाळलेल्या कडव्यांसाठी, दुसरा ती ज्यांना अजून पाठ आहेत त्यांच्या पत्त्यासाठी. आधी हा दुसरा भरून घ्यावा; तबकड्या माळ्यावर आणखी एक उन्हाळा काढतील.